पीआर रिफ्यूज झालं, पण पत्र पूर्ण वाचलंच नव्हतं

"मॅडम, पीआर रिफ्यूज झालंय, आता घरी काय सांगू?" पीआर म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी. मी समुपदेशक, कॅनडातल्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की त्यातली एक केस सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तो ऑन्टॅरिओत होता, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या पीआरच्या ऑनलाइन पद्धतीतून, कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये (कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांच्या गटात) अर्ज केलेला. रिफ्युजल येऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस झोप नाही, ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद, आणि रोज रात्री बाबांचा फोन आला की "प्रोसेस चालू आहे" एवढंच. बायकोला माहीत होतं पण तिलाही बजावलेलं की माहेरी एक शब्द काढायचा नाही, त्यावरून घरात रोज भांडणं.

मी विचारलं, कारण काय दिलंय? म्हणाला, "नाही म्हणालेत, अजून काय." म्हटलं, पत्र उघडा आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. बराच वेळ गप्प, मग कबूल केलं की पहिल्या दोन ओळी पन्नासदा वाचल्यात, खाली जायची हिंमतच झाली नाही. हे मी खूप जणांत बघितलंय. 'नाही' हा शब्द दिसला की माणूस तो स्वतःवरच घेतो, मग पुढचं वाचायचं उरतच नाही.

अडखळत वाचलं त्याने. कारण अगदी साधं होतं, कंपनीच्या एक्सपिरियन्स लेटरमध्ये फक्त पद आणि तारखा होत्या, तो नेमकं काम काय करतो ते नव्हतं, त्यामुळे काम त्याने दिलेल्या एनओसी कोडशी (कॅनडा सरकारच्या यादीतला व्यवसायाचा क्रमांक) जुळतं असं ऑफिसरला पटलं नाही. दोनदा वाचलं त्याने ते. मग म्हणाला, "म्हणजे मी लायक नाही असं लिहिलेलं नाहीये." आणि रडायला लागला. मी काही बोलले नाही, रडू दिलं, नऊ दिवसांचं साचलेलं होतं ते.

मी वकील नाही हे मी आधीच सांगते, पण वेळेचं मात्र बोलते कारण लपवालपवीत दिवसच जातात. फॅमिली स्पॉन्सरशिप, म्हणजे कॅनडातल्या नातेवाईकामार्फत केलेला अर्ज, नाकारली गेली तर बहुतेक केसेसमध्ये इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं, पण एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांना ते अपील नाही, फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय योग्य रीतीने झाला का याची कोर्टाकडून तपासणी) मागावा लागतो, निर्णय कॅनडातल्या ऑफिसचा असेल तर १५ दिवसांत आणि बाहेरचा असेल तर ६०. म्हणजे त्याच्या हातात जेमतेम सहा दिवस होते आणि त्याला हे माहीतच नव्हतं! दुसऱ्याच दिवशी तो इमिग्रेशन वकिलाला भेटला. वकिलाचं मत पडलं की कोर्ट स्वतः पीआर देत नाही, जिंकलात तरी फाईल परत दुसऱ्या ऑफिसरकडे जाते, शिवाय ऑफिसरसमोर जे कागद होते त्यावरच बघितलं जातं, आणि इथे लेटर खरंच अपुरं होतं, तेव्हा नवीन अर्ज बरा. हे त्याच्या केसपुरतं, तुमचं वेगळं असू शकतं. पीआर नाकारलं म्हणून हातातलं वर्क परमिट आपोआप रद्द होत नाही हेही त्याला तिथेच कळलं, त्याचं अजून सात महिने होतं.

त्याला वाटत होतं नव्या अर्जात जुनं रिफ्युजल सांगितलंच नाही तर? नाही, अजिबात नाही. आधी नकार आलाय का हा प्रश्न फॉर्ममध्येच असतो, आणि खोटं सापडलं तर ५ वर्षांची बंदी येऊ शकते. मी त्याला एवढंच विचारलं की सरकारला सांगणारच आहात, मग बाबांना का नाही?

तो फोन आम्ही सेशनमध्ये दोनदा बोलून बघितला, कारण "बाबा" म्हटलं की त्याचा आवाजच फुटत नव्हता. शेवटी रविवारी केला. बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग विचारलं, "परमिट कधीपर्यंत आहे?" त्याने तारीख सांगितली. "मग एचआरकडून पत्र कधी मिळतंय?" त्या दिवशी रात्री तो सहा तास झोपला म्हणे.

नवीन लेटर आलंय, त्यात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सगळं आहे. प्रोफाईल पुन्हा एक्सप्रेस एन्ट्रीच्या पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत आहे. इमेल उघडताना अजून हात थरथरतो त्याचा, त्यावर आमचं काम चालू आहे.