आयजेमच्या प्रोजेक्टमध्ये गाइड, सीनियर आणि मदत करणाऱ्यांना श्रेय कसं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजची पहिलीच आयजेम (विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय सिंथेटिक बायोलॉजी स्पर्धा) टीम, विकी (टीमची प्रोजेक्टची वेबसाइट) गोठायला, म्हणजे त्यात बदल बंद व्हायला, थोडेच आठवडे उरलेत. दोन प्राध्यापक, लॅबमधले पीएचडीचे दादा-ताई, डीएनए सवलतीत बनवून देणारी कंपनी, मुलाखत दिलेले डॉक्टर आणि शेतकरी, या सगळ्यांची नावं कुठे आणि कशी घालायची? आणि मदत जास्त दाखवली तर परीक्षक गुण कापतील का?

गुण कापले जाण्याची भीती आधी सोडा. मदत घेणं या स्पर्धेत अपेक्षितच आहे. विशीतल्या मुलांनी चार-सहा महिन्यांत जिवाणूत नवं जनुकीय सर्किट (मिळून एक काम करणाऱ्या डीएनए तुकड्यांची जोडणी) बसवायचं, तेही कुणाला न विचारता, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. ही स्पर्धा २००४ साली एमआयटीत पाच टीमनिशी भरली. आता शेकडो टीम उतरतात आणि अंतिम मेळावा २०२२ पासून पॅरिसला असतो. परीक्षक तुमच्या लॅबमध्ये कधी पाऊल ठेवत नाहीत. समोरचं काम विद्यार्थ्यांचं किती आणि इतरांचं किती, हे कळायला त्यांच्याकडे मुख्यतः विकी आणि तुमची प्रश्नोत्तरं असतात. म्हणून 'अ‍ॅट्रिब्यूशन' (कोणी काय केलं याची नोंद) हा कांस्य पदकाचाच निकष आहे. ते पान हिशेबाचं आहे, निरोपसमारंभातल्या भाषणाचं नाही. अडचण येते ती लपवलेल्या मदतीनं. मुलाखतीत परीक्षक विचारतात, "हे गेटिंग (मोजणीत कोणत्या पेशी धरायच्या ते) कोणी ठरवलं?" आणि टीममधले तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, तिथे विश्वास जातो.

या पानांवर सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य म्हणजे "आदरणीय सरांनी मोलाचं मार्गदर्शन केलं". त्यातून काहीच कळत नाही. नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोण, नेमकं काय केलं, कोणत्या टप्प्यावर, आणि तिथून पुढचं विद्यार्थ्यांनी काय केलं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. खरं तर तुमचं स्वतःचं काम तिथेच उठून दिसतं.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही ई. कोलाय जिवाणूमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं सर्किट बसवलं. ते करताना काय काय घडलं? कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी) लॅबच्या फ्रीझरमधल्या होत्या, म्हणजे पीएचडीच्या ताईंनी आधीच बनवलेल्या. ट्रान्सफॉर्मेशन (पेशींत डीएनए घालणं) तुम्ही केलं, पण पहिल्यांदा त्या शेजारी उभ्या होत्या. कॉलनी पीसीआर (डीएनए आत गेला का याची तपासणी) तुमचा. सँगर सिक्वेन्सिंग (डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचणं) बाहेरच्या कंपनीकडून झालं, पण क्रोमॅटोग्राम (त्याचा आलेख) तुम्ही वाचून सिक्वेन्स जुळवला. फ्लो सायटोमीटरला (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राला) विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत, तो सुविधेच्या ऑपरेटरनं चालवला. आता नोंद अशी लिहा:

"कॉम्पिटंट सेल्स: लॅबमधील पीएचडी संशोधक (नाव) यांनी पुरवल्या. ट्रान्सफॉर्मेशनची पद्धत त्यांनी एकदा करून दाखवली. त्यानंतरची सर्व ट्रान्सफॉर्मेशन्स विद्यार्थ्यांनी केली. फ्लो सायटोमेट्री: नमुने विद्यार्थ्यांनी तयार केले, यंत्र सुविधेच्या ऑपरेटरनी (नाव) चालवलं, गेटिंग आणि विश्लेषण विद्यार्थ्यांचं."

नोंद रटाळ वाटेल, वाटू द्या. परीक्षकाला हवं ते यात सगळं आहे. आणि ताईंनाही "मोलाचं सहकार्य" पेक्षा हे जास्त आवडेल, कारण उद्या त्यांच्या सीव्हीत ते दाखवता येतं.

सर्किटच्या तुकड्यांचं श्रेय वेगळं द्यावं लागतं आणि नव्या टीम ते हमखास विसरतात. वरच्या उदाहरणात प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) जे२३१००, रायबोसोम बांधणीची जागा बी००३४, हिरवं प्रथिन ई००४० आणि टर्मिनेटर (जनुकाचं वाचन थांबवणारा तुकडा) बी००१५ असे रजिस्ट्रीतले (आयजेमच्या डीएनए भागांच्या संग्रहातले) जुने भाग असतील. जे२३१०० हा अँडरसन प्रमोटर संग्रहातला. तो संग्रह २००६ च्या बर्कली टीमचा आहे. "रजिस्ट्रीतून घेतला" एवढ्यावर थांबू नका. भागाचा पूर्ण क्रमांक, बनवणारी टीम आणि वर्ष लिहा, आणि तुम्ही त्यात एखादा बेस (डीएनएचं अक्षर) जरी बदलला असेल तर तेही लिहा. प्लास्मिड अ‍ॅडजीनकडून (प्लास्मिड, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्या, साठवून वाटणारी संस्था) आलं असेल तर तिथे जमा करणाऱ्या प्रयोगशाळाप्रमुखाचं नाव, प्लास्मिड क्रमांक आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ठरावीक) ओळख-क्रमांक द्यायची रीत आहे. प्रत्येक प्लास्मिडच्या पानावर तयार वाक्य दिलेलं असतं, ते तसंच उचला. शेजारच्या लॅबनं फिल्टर पेपरवर थेंब टाकून दिलेलं प्लास्मिडसुद्धा कुठून तरी आलेलं असतं. मूळ स्रोत विचारून घ्या. देणाऱ्याचं नाव एका ओळीत, बनवणाऱ्याचं दुसऱ्या ओळीत.

आता भूमिका. टीमच्या नोंदणीत पीआय (मुख्य संशोधक प्राध्यापक), इन्स्ट्रक्टर, अ‍ॅडव्हायझर आणि विद्यार्थी सदस्य असे वेगळे प्रकार असतात. नोंदणीत एक आणि विकीवर दुसरं, असं होऊ देऊ नका. परीक्षक दोन्ही पाहतात. गेल्या वर्षीचा सीनियर यंदा अ‍ॅडव्हायझर म्हणून नोंदला असेल आणि मॉडेलिंगचं निम्मं कोडिंग त्यानंच केलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मधेच सोडून गेलेल्या मुलांचाही प्रश्न येतो. एप्रिलपर्यंत डिझाइनवर काम करून कोणी परीक्षेमुळे बाहेर पडलं असेल, तर रोस्टरवर (नोंदलेल्या सदस्यांच्या यादीत) नसूनही त्याचं काम श्रेयाच्या पानावर राहतंच. यावरून टीममध्ये भांडणं होतात. ती विकी गोठायच्या आदल्या रात्री होण्यापेक्षा आता झालेली बरी.

लॅब असिस्टंट, ऑटोक्लेव्ह लावणारे, मीडिया (जिवाणू वाढवायचं द्रव्य) बनवून देणारे, स्टोअरमधून एंझाइमची ऑर्डर वेळेत पुढे सरकवणारे कर्मचारी: यांची नावं आपल्याकडच्या विकींवर कमी दिसतात, हे मला खटकतं. त्यांच्यावाचून एकही प्लेट ओतली गेली नसती. नाव पूर्ण लिहा, "मामा" किंवा "काका" नको. तसंच जैवसुरक्षेचं. भारतात जनुक बदललेल्या जीवांवरचं काम १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीसमोर जातं. अर्ज प्राध्यापकांच्या नावे गेला असेल तर तसं लिहा, आणि धोक्याचं मूल्यमापन कोणी तयार केलं तेही.

प्रायोजकांत पैसा आणि वस्तू वेगळ्या ठेवा. "डीएनए सिंथेसिसमध्ये सवलत", "पिपेट टिप्स", "प्रवासखर्च" असं नेमकं लिहा. वैयक्तिक देणगीदारांची रक्कम त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. लोगो कसा आणि कुठे वापरायचा हे कंपनीकडून मेलवर घ्या. प्रायोजक वैज्ञानिक सल्लाही देत असेल, तर ती नोंद सल्ल्याच्या भागात वेगळी करा. त्यांचंच किट तुम्ही प्रयोगात वापरलं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

डॉक्टर, शेतकरी, रुग्ण यांच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते. इथे नाव देणं हेच कधी कधी चुकीचं ठरतं. तज्ज्ञाला त्याचं वाक्य छापण्याआधी वाचायला पाठवा, कारण नाव छापलं की त्या व्यक्तीचा तुमच्या निष्कर्षांना पाठिंबा आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. "मी फक्त अर्धा तास बोललो, तुमचं बायोसेन्सर चालेल असं कुठे म्हणालो?" असा फोन येऊ शकतो. शेतकरी किंवा रुग्ण असेल तर संमती मराठीत घ्या, त्यांना समजेल अशा भाषेत: नाव, गाव, फोटो यांपैकी काय छापायचं आणि ते जगभर कायम दिसेल हे सांगून. नकार आला तर "सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब उत्पादक" एवढं पुरतं. गाव लहान असेल तर गावाचं नावही टाळा, लगेच ओळख पटते.

कोड आणि डिझाइनकडे शेवटी बघतात आणि तिथेच घसरतात. विकीचा साचा कोणत्या जुन्या टीमचा, आयकॉन आणि फाँट कुठले, चित्रं कोणी काढली, प्रमोशन व्हिडिओतला आवाज कोणाचा, मजकूर सुधारायला एआय साधन वापरलं का, सगळं लिहा. पुण्याच्या आयसरच्या, मुंबईच्या आयसीटीच्या जुन्या टीमची पानं उघडी आहेत, रचना समजायला जरूर पाहा. आयजेमच्या विकी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयासह-वापर परवान्याखाली असतात. उचलायला परवानगी आहे, पण मूळ टीमचं नाव आणि दुवा दिल्याशिवाय नाही.

काम करायची सोपी पद्धत: आजच एक सामायिक शीट उघडा. रकाने: तारीख, नाव (इंग्रजी स्पेलिंग त्या व्यक्तीनंच दिलेलं), पद आणि संस्था, काय केलं, विद्यार्थ्यांनी पुढे काय केलं, विकीच्या कोणत्या पानाशी संबंध, संमतीचा मेल आला का. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं त्याला द्या. आता उशीर झालाय, तर लॅब नोटबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागे सरकवत भरा. "सर, जरा येता का" असे मेसेज शोधले की अर्ध्या नोंदी सापडतात. आयजेमचा ठरावीक फॉर्म भरणं तेव्हा कॉपी-पेस्टचं काम उरतं. विकी गोठायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला फक्त त्याची ओळ मेलनं पाठवा: "हे बरोबर आहे का, नाव असंच लिहू का?" गोठल्यावर 'डॉ.' राहिलेलं किंवा आडनावातलं चुकलेलं अक्षर बदलता येत नाही.

पुढे याच कामाचा पेपर करायचा बेत असेल तर शीट जपून ठेवा. तिथे लेखक ठरवायचे निकष वेगळे आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई समिती नुसता निधी मिळवणं किंवा नुसती सर्वसाधारण देखरेख लेखकपदाला पुरेशी मानत नाही. ती नावं आभारात जातात, तीही लेखी संमती घेऊन. हे प्राध्यापकांना विद्यार्थ्यानं तोंडी सांगणं अवघड जातं. शीट समोर ठेवून बसलात तर बोलणं सोपं होतं.