लेन डिटेक्शन मॉडेलला ट्युसिंपलवर ९६ टक्के आले, म्हणजे ते गाडीत चालेल का?

तुम्ही विचारलंय की कॅमेऱ्याच्या फोटोतून रस्त्यावरच्या लेनच्या रेषा ओळखणाऱ्या मॉडेलला ट्युसिंपल या चाचणीच्या डेटासेटवर ९६ टक्के अ‍ॅक्युरसी आलीये, तर मॉडेल गाडीत वापरण्याइतकं तयार झालं का. नाही हो, नुसत्या त्या आकड्यावर तर अजिबात नाही. एससीएनएन नावाच्या जुन्या मॉडेलला २०१८ मध्येच तिथे ९६.५३ टक्के पडले होते, आणि त्याच पद्धतीचं मॉडेल सीयूलेन या दुसऱ्या डेटासेटवर शिकवून तपासलं तर एफ-वन स्कोअर (चुकलेल्या आणि खोट्या रेषा दोन्ही धरून काढलेला, १०० पैकी गुण) ७१.६! ट्युसिंपल म्हणजे अमेरिकेतले दिवसाउजेडीचे हायवे, सीयूलेन म्हणजे बीजिंगची गर्दी, रात्र, सावल्या, कुठे कुठे तर पट्टेच नाहीत.

पण खरी गोम मोजण्यातच आहे. ट्युसिंपलमध्ये मॉडेलने काढलेल्या रेषेचा पॉइंट खऱ्या रेषेपासून साधारण २० पिक्सेलच्या आत असला की बरोबर धरतात. आता समजा बॉनेटजवळ ३.७ मीटरची लेन फोटोत ६०० पिक्सेल रुंद दिसतेय, तिथे २० पिक्सेल म्हणजे १२ सेंटीमीटर, ठीक आहे. पण तीच लेन लांबवर ६० पिक्सेलची झाली की तेच २० पिक्सेल सव्वा मीटर होतात, आणि वळण कुठे आहे हे गाडीला तिथूनच कळणार असतं ना! सीयूलेनची पण वेगळी गंमत, तिथे खरी आणि मॉडेलची रेषा ३० पिक्सेल जाड काढून ओव्हरलॅप बघतात (दोघींचा सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेला भाग), उभी रेषा १० पिक्सेल सरकली की ओव्हरलॅप बरोबर ०.५, म्हणजे पास-नापासच्या काठावर, मग ती गाडीजवळ सरकली की लांबवर, याला काही किंमत नाही.

सातो आणि चेन या संशोधकांनी २०२२ च्या सीव्हीपीआर या कॉम्प्युटर व्हिजनच्या परिषदेत नेमकं हेच मांडलं, की नेहमीची अ‍ॅक्युरसी आणि गाडी खरंच लेनमध्ये राहते का यांचा मेळ बसत नाही. त्यांनी त्याऐवजी गाडी लेनच्या मध्यापासून किती बाजूला जाईल ते मोजलं. मला हे फार पटतं.

म्हणून सांगतो, सगळ्याची सरासरी काढू नका, रात्र, वळण, पट्टे नसलेला रस्ता असे आकडे वेगवेगळे बघा. क्रॉसरोडला तर सीयूलेनमध्ये लेनच नसतात, तिथे फक्त मॉडेलने किती खोट्या रेषा काढल्या ते मोजतात. एरर मीटरमध्ये काढा. आणि एकेक फोटो न बघता सलग व्हिडिओ चालवा. माझ्या एका मॉडेलचा स्कोअर छान होता, पण व्हिडिओत पुलाच्या कठड्याची सावली आली की डावी रेषा टुणकन तिच्यावर जायची आणि चार-पाच फ्रेमनंतर परत यायची. टेस्ट सेटमध्ये असा एकच फ्रेम होता, त्यामुळे आकड्यात काहीच दिसलं नाही.