बजावणीला ‘बिंदू’ कशाला?

प्रश्न असा आलाय की सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा पॉलिसी डिसिजन पॉइंट (पीडीपी) आणि तो निर्णय अमलात आणणारा पॉलिसी एन्फोर्समेंट पॉइंट (पीईपी) यांना मराठीत ‘धोरण निर्णय बिंदू’ आणि ‘धोरण अंमलबजावणी बिंदू’ म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. आणि त्याआधी, ऑथरायझेशनला ‘प्रमाणीकरण’ म्हणणं कृपा करून थांबवा, ऐकून ऐकून वैताग आलाय. तू कोण हे पटवून घेणं ते प्रमाणीकरण, तुला काय करायची मुभा आहे ते ठरवणं ही वेगळी गोष्ट. एचटीटीपीनेच, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलनेच, ४०१ या एरर कोडला ‘अनऑथराइज्ड’ नाव देऊन घोळ घातलाय, तो कोड येतो ओळख पटली नाही म्हणून, ओळख पटूनही मुभा नसेल तर ४०३.

आता बिंदू. तो भूमितीतला, त्याला लांबी-रुंदी नाही. पीडीपी-पीईपी ही जोडी २००० सालच्या आरएफसी २७५३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे आणि तिथे पॉइंट म्हणजे जिथे काम होतं ती जागा. गेटवेवर, म्हणजे सिस्टीमच्या दारावर, रिक्वेस्ट येते, गेटवे स्वतः काही ठरवत नाही, पीडीपीला विचारतो, ‘डिनाय’ आलं की तिथल्या तिथे अडवतो. ही अडवायची जागा म्हणजे पीईपी.

आणि मजा बघा, ‘बजावणी’त ही जागा आधीच बसलीये! फारसीत ‘जा’ म्हणजे जागा, ‘बजा’ म्हणजे जागेवर, ‘बजा आवर्दन’ म्हणजे पार पाडणं. नोटीस बजावतात, हक्क बजावतात, कर्तव्य बजावतात ते सगळं माझ्या मते इथूनच आलंय. ‘बजावणे’चा संबंध कुणी ‘वाजवणे’शी लावत असेल तर मला ते साफ अमान्य आहे, कर्तव्य बजावताना काय वाजवायचं असतं? तेव्हा पीईपी म्हणजे नुसतं ‘धोरण-बजावणी’, पुढे बिंदू लावला की जागा दोनदा होते.

पीडीपीला ‘अखत्यार’. अरबी ‘इख्तियार’ म्हणजे निवड, मुखत्यार त्याच धातूतला आणि ‘तुझी खैर नाही’मधली खैरसुद्धा. ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ असं आपण म्हणतो ना, गेटवेची भूमिका नेमकी तीच. संस्कृत शब्दच हवा म्हणणारे इथे ‘अधिकार’ सुचवतात, पण राइट अधिकार, परमिशन अधिकार, ऑथॉरिटीही अधिकार, मग वाचणाऱ्याने ओळखायचं कसं कुठला ते?

एक्सएसीएमएल या परवानग्यांचे नियम लिहायच्या भाषेतले बाकीचे दोन, नियम जिथे लिहितात तो पीएपी (पॉलिसी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पॉइंट) आणि युजरचं खातं वगैरे माहिती आणून देणारा पीआयपी (पॉलिसी इन्फर्मेशन पॉइंट), त्यांना ‘नियम-लेखन’ आणि ‘माहिती-पुरवठा’ म्हणा. कोडमधल्या नावांना मात्र हात लावू नका, तिथे पीडीपी पीईपीच राहू दे.