वाघोलीतला फ्लॅटचा बाजार सावरतोय हे ओळखायचं कसं?

तुम्ही पुण्यातल्या वाघोलीत टू बीएचके बघताय आणि ब्रोकर म्हणतोय की मंदी संपली, आत्ताच टोकन द्या. ते खरं मानायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. ब्रोकरला २०१७ साली विचारलं असतंत तरी त्याने हेच सांगितलं असतं.

मी तिथला फ्लॅट २०१४ मध्ये गुंतवणूक म्हणून घेतला आणि २०१८ मध्ये विकायला काढला. नोटाबंदी, पाठोपाठ रेरा (बिल्डरांवर लगाम घालणारा कायदा), लगेच जीएसटी, सगळं अंगावर येऊन गेलं होतं. तीन महिन्यांत तीन गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक जोडपं तर शेजारच्या विंगमधला भाड्याचा फ्लॅट बघायला निघालं होतं, चुकून माझ्याकडे चढलं.

तेव्हा एक गोष्ट शिकलो. छापील रेट बघू नका, तो मंदीतही उतरत नाही. बिल्डरने उघडपणे चौरस फुटामागे पाचशे रुपये कमी केले, तर आधी बुकिंग केलेले सगळे दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात. म्हणून उतरण मागच्या दाराने होते: मॉड्युलर किचन फुकट, दोन एसी, पार्किंगचे पैसे माफ, स्टँप ड्युटी बिल्डरकडे, पझेशनपर्यंत हप्ता नाही. बाजार सुधारला की हीच यादी आखडायला लागते. आमच्या समोरच्या साइटवर आधी एसी गेले, मग किचन गेलं, मग पार्किंगचे पैसे पुन्हा लागले. रेट तोवर होता तिथेच होता. तो वाढला तेव्हा सुधारणा जुनी झाली होती.

दस्तनोंदणीचे आकडे बघून हुरळू नका. सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सवलत दिली, तेव्हा सगळ्यांनी शेवटच्या तारखा गाठल्या. त्यात शुल्क आधी भरून नोंदणी चार महिन्यांत केली तरी चालत होतं, त्यामुळे आकडा पुढच्या महिन्यांत सांडला. सवलत संपल्यावरचे सहा महिने बघितले तरच काही कळतं.

त्यापेक्षा रात्री साडेआठला तयार इमारतीसमोर उभे राहा आणि दिवे मोजा. खरंच सांगतो. २०१८ मध्ये आमच्या ४४ फ्लॅटच्या विंगमध्ये मी ९ मोजले होते. बाकीचे माझ्यासारखे, कुलूप लावून भावाची वाट बघणारे. २०२२ मध्ये मेंटेनन्सच्या भांडणासाठी गेलो तर अंधाऱ्या खिडक्या शोधाव्या लागल्या. शेजारच्या खराडीतली ऑफिसं पुन्हा भरली होती आणि भाडी चढली होती. त्या वर्षी माझा फ्लॅट सहा आठवड्यांत गेला. मनासारखा भाव तेव्हाही नाही मिळाला, पण घेणारा राहायला येणारा होता, आणि मला वाटतं हीच सगळ्यात भरवशाची खूण. गुंतवणूकदारांनी गुंतवणूकदारांना विकलेल्या फ्लॅटांनी आकडे फुगतात, दिवे लागत नाहीत.

आणखी एक खूण. पडत्या काळात लोक तयार घरच मागतात, कारण कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही आणि ताबा रखडण्याची भीतीही नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत माणसं पुन्हा पैसे अडकवायला लागली की धीर आला समजा. महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडलात की किती फ्लॅट बुक झाले ते दिसतं, बिल्डरला दर तीन महिन्यांनी ते भरावं लागतं. दोन तिमाह्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज ब्रोकरकडून कॉस्ट शीट, म्हणजे फ्लॅटच्या सगळ्या खर्चाचा तक्ता, व्हॉट्सॲपवर मागवा आणि महिन्याने त्याच फ्लॅटची पुन्हा मागवा. फुकटच्या गोष्टी तेवढ्याच असतील किंवा वाढल्या असतील, तर तुम्हाला घाई नाही, घाई त्याला आहे. पाण्याच्या टँकरचा महिन्याचा खर्च मात्र ब्रोकरला विचारू नका, सोसायटीच्या चेअरमनला विचारा.