ऑफिसातल्या सगळ्यांच्या वर्डमध्ये एकच टेम्पलेट पोहोचवताना

पहिली गोष्ट, कोणाच्याही नॉर्मल टेम्पलेटला (ज्यावरून वर्डचं प्रत्येक कोरं डॉक्युमेंट तयार होतं ती फाईल) हात लावू नका. त्यात त्या माणसाच्या स्वतःच्या स्टाइल्स, मॅक्रो (वर्डकडून आपोआप काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम) आणि शॉर्टकट असतात. तुमची फाईल त्याच्या जागी टाकलीत की ते सगळं जातं.

आधी ठरवा, काय वाटायचंय. लेटरहेड, अहवालाचा नमुना असं असेल तर टेम्पलेट सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरात ठेवा आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, फाईल लोकेशन्स इथे ‘वर्कग्रुप टेम्पलेट्स’ला त्याचा पत्ता द्या. लोकांना फोल्डरात लिहिण्याची परवानगी देऊ नका, वाचण्याची पुरे.

मॅक्रो किंवा रिबनवरची (वर्डच्या वरच्या पट्टीवरची) बटणं द्यायची असतील तर डीओटीएम फाईल (मॅक्रो ठेवता येणारं टेम्पलेट) प्रत्येकाच्या स्टार्टअप फोल्डरात हवी (अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप). वर्ड सुरू होताच ती आपोआप लोड होते. मात्र तिच्यातल्या स्टाइल्स उघड्या डॉक्युमेंटमध्ये येत नाहीत. नवशिके इथेच हमखास अडकतात.

फाईल हाताने कॉपी करत बसू नका. लॉगिन स्क्रिप्टमध्ये (लॉगिन करताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाईलमध्ये) रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडची एक ओळ घाला, ती बदललेली फाईलच उचलते. वेळ लॉगिनचीच हवी, कारण वर्ड चालू असताना ही फाईल लॉक असते आणि नवी प्रत बसत नाही.

ईमेलने मात्र पाठवू नका. बाहेरून आलेल्या फाईलवर विंडोज खूण करतं आणि वर्ड तिचे मॅक्रो अडवतं; मग प्रत्येकाला प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं लागतं.