खेड्यातल्या महाविद्यालयातून विद्यापीठाचा संशोधन निधी मागावा का, आणि कसा?

प्रश्न थोडक्यात असा: "अकोला जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो. विद्यापीठानं शिक्षकांकडून लघुसंशोधन प्रकल्पांचे प्रस्ताव मागवलेत. 'विदर्भातील भूजलाचा भौगोलिक अभ्यास' हा विषय डोक्यात आहे. कॉलेजात धड प्रयोगशाळा नाही. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, वशिल्याशिवाय मिळत नाही आणि मिळालाच तर हिशेबात माणूस अडकतो. अर्ज करू का?"

करा. पण हा विषय घेऊन करू नका.

मी तुमच्या शेजारच्याच पट्ट्यात रसायनशास्त्र शिकवतो. असा निधी घेतलाय, आणि पुढे छाननीला बसून इतरांचे प्रस्तावही वाचलेत. छाननीला बसलं की एक गोष्ट लगेच कळते. 'विदर्भातील', 'महाराष्ट्रातील', 'चिकित्सक अभ्यास' असले शब्द शीर्षकात दिसले की वाचणारा थेट बजेटच्या पानावर जातो, तिथली रक्कम बघतो आणि मनात म्हणतो, एवढ्यात अकरा जिल्हे? तिथंच प्रस्ताव संपतो.

हा निधी कशासाठी असतो ते आधी ध्यानात घ्या. पूर्वी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) लघुसंशोधन प्रकल्प मिळायचे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानाला ५ लाखांपर्यंत आणि मानव्य, सामाजिक शास्त्रांना ३ लाखांपर्यंत मर्यादा होती. मार्च २०१७ मध्ये योजना संपली आणि ती सोयही गेली. आता विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून देतं ते पैसे थोडे असतात. कुणाला तरी पहिला प्रकल्प करता यावा, त्यातून थोडी आकडेवारी, एखादा निबंध निघावा आणि पुढं त्यानं बाहेर मोठा निधी मागावा, एवढाच त्यामागचा हिशेब. म्हणून छोट्या पैशात पूर्ण होणारा छोटा प्रश्न लागतो. आणि तो असा हवा की जो नागपूर-पुण्याला बसून सोडवता येणार नाही.

तुमच्याकडे असा प्रश्न दाराशी पडलाय. तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या गाळाच्या जमिनीखाली पाणी खारट आहे, आणि तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलं की गोडं पाणी लागतं. मग प्रश्न असा घ्या: पूर्णेच्या काठापासून पायथ्याकडे एका सरळ रेषेत जाताना विहिरींची क्षारता गावागणिक कशी बदलते, आणि मे महिन्यातल्या व पावसाळ्यानंतरच्या पाण्यात किती फरक पडतो? एक तालुका, फार तर दोन. समजा २० विहिरी, दोन हंगाम, म्हणजे ४० नमुने. हा आकडा प्रस्तावात ठळक लिहा. समितीला ४० नमुने कळतात, 'सखोल सर्वेक्षण' कळत नाही.

समितीबद्दल एक सांगतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्याशाखा चारच राहिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान (म्हणजे भाषा, सामाजिक शास्त्रं वगैरे) आणि आंतरविद्याशाखीय. त्यामुळे तुमचा प्रस्ताव वाचणाऱ्यांत भूगोलाचा माणूस असेलच असं नाही. राज्यशास्त्राच्या सरांनाही पहिल्या पानावर कळलं पाहिजे की प्रश्न काय आहे. पहिला परिच्छेद घरातल्या बारावीच्या पोराला वाचायला द्या. त्याला कळला तर पुढं जा.

'हे काम आधी झालंय' हा सादरीकरणातला ठरलेला वार. त्याची तयारी घरूनच करून जा. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, 'पूर्णा', 'खारपाण', 'भूजल गुणवत्ता' टाकून आपल्या आणि नागपूरच्या विद्यापीठातले प्रबंध काढा. केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्हा अहवाल वाचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तुमच्या तालुक्यात कुठं आहेत ते जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. मग लिहा की निरीक्षण विहिरी इथं इथं आहेत, यांच्या मधल्या गावांची माहिती नाही, ती मी गोळा करणार. आधीचं काम झाकून ठेवणारा पकडला जातो. ते समोर ठेवून त्यातली फट दाखवणाऱ्याला कुणी फारसं छळत नाही.

प्रयोगशाळा नाही म्हणून रडू नका. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या माणसाला सहसंशोधक घ्या, आणि त्यांच्या प्राचार्यांचं 'प्रयोगशाळा वापरू देऊ' असं पत्र जोडा. या एका पत्रानं प्रस्ताव जितका वजनदार होतो तितका दहा पानी संदर्भसूचीनं होत नाही. खारटपणातलं क्लोराइड मोजायचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडून केलेलं मोजमाप, पदवीच्या प्रयोगशाळेतही होतं. पोटॅशियम क्रोमेटनं पिवळं दिसणारं पाणी सिल्व्हर नायट्रेट पडता पडता विटकरी झालं की थांबायचं. मोजलेले आकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून बघा. एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. क्लोराइडला हेच आकडे २५० आणि १०००. बाजारात मिळणारं पेनसारखं टीडीएस मीटर घेणार असाल तर त्याची रेंज बघूनच घ्या, खारपाणात स्वस्त मीटर हात टेकतं. शिवाय ते क्षार मोजतच नाही, पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि गुणाकार करून आकडा दाखवतं. प्रस्तावात 'वाहकता' लिहा. समितीत माझ्यासारखा कुणी बसला असेल तर खूश होईल.

आता बजेट. माझ्या मते सगळा प्रस्ताव इथं ठरतो, आणि लोक हेच पान शेवटच्या रात्री करतात.

पहिली गोष्ट, प्रस्ताव पक्का करण्याआधी ऑफिसातल्या अकाउंटंटकडे बसा. चहा पाजा. खर्चाचा प्रत्येक ओळीचा कागद पुढं त्याच्याकडेच जाणार आहे, आणि कोणत्या शीर्षाखाली काय बसतं हे आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं. परिपत्रकात कशाला पैसे मिळत नाहीत ती ओळ आधी वाचा. लॅपटॉप, फर्निचर, स्वतःचं मानधन हे बहुतेक ठिकाणी बसत नाही, तरी दर वर्षी कुणीतरी लॅपटॉप टाकतोच आणि समितीला हसायला विषय मिळतो.

प्रत्येक आकड्याला गणित जोडा. 'रसायने, एकरकमी' असं लिहिलं की कात्री लागते. ४० नमुने, प्रत्येकाच्या इतक्या चाचण्या, एका चाचणीला इतकं रसायन, असं लिहिलं की कापणाऱ्याला कारण शोधावं लागतं. सिल्व्हर नायट्रेटचा दर चांदीच्या भावाबरोबर हलतो, तेव्हा जुन्या कोटेशनवर विसंबू नका. वस्तूंना तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता लागतो. तालुक्याच्या गावात वैज्ञानिक साहित्याचे तीन दुकानदार नसतात, म्हणून अकोला किंवा अमरावतीला एक फेरी याच कामासाठी ठेवा. बिल महाविद्यालयाच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह, आणि तारीख मंजुरीपत्रानंतरचीच. टिकाऊ वस्तू महाविद्यालयाच्या डेडस्टॉक (टिकाऊ मालाच्या) नोंदवहीत चढली की बिलाच्या पाठीवर नोंदवहीचं पान लिहून घ्या. तुमचे ज्येष्ठ 'हिशेबात अडकतो' म्हणतात ना, त्यातले बहुतेक याच दोन-तीन गोष्टींत अडकलेले असतात. कुणी पैसे खाल्लेले नसतात, नुसता कागद नसतो.

प्रवासाचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडच्या कितीतरी गावांना एसटीच्या दिवसाला एक-दोनच फेऱ्या. सकाळच्या गाडीनं गेलात तर संध्याकाळपर्यंत पारावर बसून राहावं लागतं. माणूस मोटरसायकलनंच जाणार. मग बजेटात 'स्वतःच्या वाहनानं, नियमानुसार प्रति किलोमीटर' असं आधीच लिहून ठेवा, आणि एक साधी वही करा: तारीख, कुठून कुठं, किलोमीटर, काम. त्या वहीवर त्या त्या ग्रामपंचायतीचा शिक्का आणि ग्रामसेवकाची (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) सही. ग्रामसेवक त्या दिवशी पंचायत समितीत असतो हे मला ठाऊक आहे, तरी फोन करून जा. लेखापरीक्षणाला पेट्रोलच्या पावत्यांपेक्षा त्या शिक्क्यानं जास्त समाधान होतं.

आणि एक ओळ बजेटात हट्टानं टाका: निकाल गावात परत नेण्याचा खर्च. विहिरीवर बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून भरत होतो, तेव्हा शेतमालक कठड्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "सायेब, बाटल्या भरभरून नेता, पन रिपोट कोनीच आनून देत नाई." खरं होतं त्याचं. तेव्हापासून प्रत्येक विहिरीचा मराठीतला एक पानी अहवाल मालकाला द्यायचा, ही माझ्या प्रस्तावात ठरलेली बाब आहे. छपाईला खर्च किरकोळ येतो, समितीला ती ओळ आवडते, आणि दुसऱ्या हंगामात विहिरीवर गेल्यावर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

वेळापत्रकाकडे मात्र नीट बघा, कारण पाणी आर्थिक वर्ष पाळत नाही. जाहिरात पावसाळ्यात निघते, सादरीकरण दिवाळीच्या आसपास, मंजुरीपत्र हिवाळ्यात आणि पहिला हप्ता त्याच्याही नंतर, असं सहज होतं. तोवर पावसाळ्यानंतरचे नमुने घ्यायचा काळ गेलेला असतो, आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे त्याच कामाला खर्च झाल्याचा दाखला) मागणारं पत्र दारात उभं. म्हणून 'जून ते सप्टेंबर' असं लिहू नका. 'पहिला हप्ता मिळाल्यापासून' असं लिहा, आणि सोबत स्पष्ट करा की मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन हंगाम मिळणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे, हप्ता कधीही आला तरी. मग मुदतवाढ मागताना तुमचाच मंजूर प्रस्ताव तुमच्या बाजूनं बोलतो. शक्य असेल तर एक हंगाम पदरमोड करून आधीच उरकून घ्या. बाटल्या आणि पेट्रोल, एवढाच तो खर्च. मात्र त्याचं बिल नंतर प्रकल्पात घुसवायचं नाही. सादरीकरणात चार विहिरींचे खरे आकडे पडद्यावर दिसले की खोलीतलं वातावरण बदलतं. वेळापत्रक आखताना उन्हाळी-हिवाळी परीक्षा आणि निवडणुकीची ड्युटी विसरू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला प्रश्नावली भरायला बसवू नका, तो बसणार नाही आणि बसला तरी खरं सांगणार नाही.

वशिल्याचं म्हणाल तर, चालत नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन सारखे प्रस्ताव असले तर ओळखीचा वर सरकतो, हे पाहिलंय. पण सारखे चांगले दोन प्रस्ताव समोर येण्याची वेळच क्वचित येते. गठ्ठ्यातले कितीतरी जण स्वतःच्या पीएचडीचा सारांश नवं शीर्षक लावून पाठवतात, काहींची उद्दिष्टं एका विषयाची आणि प्रश्नावली दुसऱ्याच विषयाची असते. ओळखीची भीती बाळगण्याआधी या गठ्ठ्याच्या वर तर या.

पदोन्नतीच्या गुणांसाठी करत असाल तर गणित बघून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० लाखांखालच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला ५ गुण आणि चालू प्रकल्पाला २. एका शोधनिबंधालाच विज्ञानात ८, मानव्य-सामाजिक शास्त्रांत १०. नुसत्या गुणांसाठी हा पसारा परवडत नाही. निबंध निघेल असा प्रकल्प आखला तर दोन्ही मिळतं. उद्या आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे) किंवा २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे जाताना 'यापूर्वी प्रकल्प पूर्ण केला आहे का?' या रकान्यात लिहायलाही काहीतरी हवं.

प्राचार्यांची सही आणि आयक्यूएसीचं (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) शिफारसपत्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शेवटच्या दिवशी प्राचार्य हमखास विद्यापीठात मीटिंगला असतात, आणि शिक्का त्यांच्या कपाटात. ऑनलाइन भरून झालं तरी छापील प्रती मागितल्यात का ते परिपत्रकात बघा, आणि मागितल्या असतील तर पोस्टानं न पाठवता आवक शाखेत स्वतः देऊन पोचपावतीवर शिक्का घ्या.