नवी मुंबईत बसून, हिमालयात न जाता, उपग्रह चित्रांवरून रॉक ग्लेशियरवर एम. एस्सी.चा प्रकल्प करता येईल का? कोणतं सॉफ्टवेअर शिकू, लॅपटॉप कोणता घेऊ?

करता येईल. (रॉक ग्लेशियर म्हणजे दगड आणि बर्फ यांचं मिश्रण, उतारावरून जिभेसारखं हळूहळू सरकणारं.) नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि रडार चित्रांसाठी स्नॅप शिका, दोन्ही फुकट आहेत. इंटरफेरोग्राम, म्हणजे दोन तारखांची रडार चित्रं ताडून जमिनीची हालचाल रंगीत पट्ट्यांत दाखवणारं चित्र, घरच्या मशीनवर बनवत बसू नका. अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या संकेतस्थळावर सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या चित्रांच्या जोड्या निवडून दिल्या की त्यांचे सर्व्हर काम करतात आणि तयार फाइल उतरवून घेता येते.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या एका ओळीमुळे. तुम्ही लिहिलंय, ‘जिथे इन्सारमध्ये रंगीत पट्टे दिसणार नाहीत, तो रॉक ग्लेशियर निष्क्रिय धरणार आहे.’ इन्सार म्हणजे ही इंटरफेरोग्रामचीच पद्धत. कृपा करून असं धरू नका. याच वाक्यावरून मी भांडले आहे.

महाप्याच्या एका कंपनीत मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करायचे. लाहौलमधल्या एका खोऱ्यातून रस्ता न्यायचा होता आणि उतारांवरच्या धोक्याच्या जागांची यादी आमच्याकडे होती: दरडी, हिमस्खलनाच्या वाटा, रॉक ग्लेशियर. त्यातल्या एका रॉक ग्लेशियरची जीभ बरोबर रस्त्याच्या आखणीच्या डोक्यावर आली होती. तोंड उत्तरेकडे, पाठीवर आडव्या वळ्या, पुढचा कडा उभा. वरचे दगड ऊन-वाऱ्यानं आणि दगडफुलानं काळपटलेले, कडा मात्र फिकट. म्हणजे आतला माल अजून बाहेर ढकलला जातोय. मेलेल्या रॉक ग्लेशियरचा कडा बसका होतो, त्यावर गवत चढतं. इथे तसं काहीच नव्हतं.

आमच्या टीम लीडनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं. ‘फ्रिंज, रंगीत पट्टा, आहे का? नाही ना? मग इनॅक्टिव्ह टाक आणि पुढे चल.’

मी म्हणाले, सर, ही उत्तरेकडे चाललीय, सेंटिनेलला ती दिसणारच नाही. सेंटिनेल-१ जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरतो आणि उजवीकडे तिरकं बघतो: वर जाताना साधारण पूर्वेला, खाली येताना पश्चिमेला. त्याला मोजता येतं ते फक्त जमिनीचं स्वतःपासूनचं अंतर किती बदललं तेवढंच. समोर उभा असलेला माणूस एक पाऊल बाजूला सरकला तर त्याच्या-आपल्यातलं अंतर बदलत नाही, तसंच हे. उत्तरेकडे सरकणाऱ्या जिभेचा खाली उतरण्याचा भाग तेवढा रडारला कळतो. वर्षाला अर्धा मीटर चालणारी जीभ १२ दिवसांत दीड सेंटीमीटरच्या थोडी पुढे जाते. १५ अंशांच्या उतारावर त्यातले रडारच्या दिशेनं मोजता येण्यासारखे उरतात तीनेक मिलीमीटर. सी-बँडचा, म्हणजे सेंटिनेलच्या रडार लहरींचा, एक पूर्ण पट्टा उमटायला अंतर २.८ सेंटीमीटरनं बदलावं लागतं. तीन मिलीमीटर हवेतल्या बाष्पाच्या गोंधळातच बुडतात. पट्टा येणार कुठून?

त्यांना ते पटलं नाही. मग मी कळव्याला घरी उपग्रहाची दोन स्पष्ट छायाचित्रं घेऊन बसले, मधे काही वर्षांचं अंतर असलेली, दोन्ही सप्टेंबरची, म्हणजे बर्फ कमी आणि सावल्या सारख्या. आधी आजूबाजूच्या पक्क्या कातळावर दोन्ही चित्रं जुळवली आणि तिथे चूक किती राहते ते मोजलं. हे मोजल्याशिवाय पुढचा आकडा कुणालाही दाखवू नका. मग जिभेवरचे मोठे दगड एकेक करून दोन्ही चित्रांत शोधले. कातळावर मीटरभराच्या आतली चूक, जिभेवरचे दगड तीन-चार मीटर पुढे, सगळे उत्तरेकडे. प्रिंट काढून मी ते टेबलावर ठेवलं. उत्तर मिळालं, ‘क्लायंटला दोन-दोन पद्धती समजावत बसायचं नाही.’ अहवालाच्या रकान्यात ‘निष्क्रिय’ गेलं. ती नोकरी मी पुढे सोडली. त्या रकान्याचा राग अजून आहे, कारण तो रकाना वाचून कुणीतरी रस्ता आखतो.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, पाण्यात कोसळला, लाटेनं सरोवर फुटलं आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. तो काठ आधीपासून सरकत होता आणि उपग्रह चित्रांत ते मोजता येत होतं, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, हा विषय आपल्याकडे अजूनही हौशी संशोधनाचा समजतात, याचा मला संताप येतो.

आंतरराष्ट्रीय पर्माफ्रॉस्ट संघटनेच्या रॉक ग्लेशियर गटानं याद्या कशा करायच्या याची नियमावली केली आहे. वेग विश्वासानं ठरवता येत नसेल तर त्यात सरळ ‘अनिश्चित’ लिहायची सोय आहे. मी त्या दिवशी यापेक्षा जास्त काहीच मागत नव्हते. तुमच्या तक्त्यात हा पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवा.

उलटा धोकाही आहे. जीभ फार वेगानं, म्हणजे वर्षाला मीटरभराहून जास्त चालत असेल तर सी-बँडच्या १२ दिवसांच्या जोडीत पट्टे विस्कटतात आणि नुसता खरखरीत ठिपक्यांचा डाग दिसतो. तोही लोक ‘डेटा खराब’ म्हणून सोडून देतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाचा एल-बँड इथे कामी येईल, त्याची तरंगलांबी मोठी आहे. पण तोही ध्रुवांवरून फिरतो आणि बाजूलाच बघतो, तेव्हा उत्तर-दक्षिणेची अडचण त्यानंही सुटत नाही.

बाकीचं पटापट. हिमाचल-लडाखमध्ये जोड्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या घ्या, हिवाळ्यातल्या बर्फात सिग्नल टिकत नाही. दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी आणि रॉक ग्लेशियर यांत गल्लत होते. पाण्याची डबकी आणि उघडे बर्फाचे कडे दिसले तर बहुधा ती हिमनदी. लँडसॅट उपग्रहाच्या तापमानावरून ‘इथे पर्माफ्रॉस्ट आहे’ असं लिहू नका, ते चित्र घेतलं त्या क्षणाचं वरच्या थराचं तापमान असतं. आणि हो, वर मी ‘करता येईल’ म्हणाले ते यादी आणि वेग यांच्यापुरतं. जमिनीखाली बर्फ किती आहे, हे कळव्यातूनही कळत नाही आणि वाशीतूनही नाही. त्याला जमिनीत पुरलेले तापमापक आणि तिथे जाणारी माणसं लागतात.

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा पुरे. गाईड ‘पट्टा नाही, निष्क्रिय लिही’ म्हणाले तर नियमावलीतलं ते पान छापून त्यांच्यासमोर ठेवा, आणि सोबत दोन वर्षांच्या चित्रांतले दगडही.